उभे राहून मोजलेला श्वास : एका श्वसन-निदान सेवेचे परीक्षण

गेली दोन वर्षे माझ्या वैद्यकीय कागदांवर एकच शब्द मुक्काम ठोकून होता, तो म्हणजे 'हायपरव्हेंटिलेशन' (गरजेपेक्षा जास्त श्वास घेणे). तातडीच्या विभागात तो पहिल्यांदा लिहिला गेला, तेथून पुढच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत उतरला आणि तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत त्याच्यापुढे 'चिंताजन्य' हे विशेषणही येऊन बसले. उभ्याने काम करताना अचानक श्वास पुरेनासा होणे, बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येणे, डोके हलके होणे आणि खोल उसासे टाकल्याशिवाय चैन न पडणे ही माझी लक्षणे होती. छातीचा एक्स-रे, ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) या सगळ्या तपासण्या निर्दोष आल्यामुळे 'काही नाही, श्वासाचे व्यायाम करा' एवढ्यावर माझी बोळवण होत असे. अखेरीस कारण न सापडलेल्या धापेसाठी एका मोठ्या रुग्णालयात स्वतंत्रपणे चालवल्या जाणाऱ्या निदान सेवेकडे मला पाठवण्यात आले. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. रुग्णालयाचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि अशा सेवांमधील चाचण्या बहुतेक ठिकाणी याच असतात.

परीक्षण समजण्यासाठी थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. शरीरात जितका कार्बन डायऑक्साइड तयार होतो त्यापेक्षा अधिक श्वासावाटे बाहेर टाकला जाऊ लागला की रक्तातील त्याची पातळी घसरते. धमनीतील रक्तात ती साधारणपणे ३५ ते ४५ मिलिमीटर पारा इतकी असते आणि ३५ च्या खाली गेली की त्या अवस्थेला हायपरव्हेंटिलेशन म्हणतात. रक्त किंचित अल्कधर्मी होते, त्यातील मुक्त कॅल्शियम कमी होते म्हणून मुंग्या येतात, क्वचित हाताची बोटे आखडतात, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे गरगरते. म्हणजे हा शब्द काय घडले ते सांगतो, पण का घडले याविषयी काहीच सांगत नाही. घरोघरी असलेले ऑक्सिमीटर या बाबतीत निरुपयोगी ठरते, कारण ते ऑक्सिजन आणि नाडी दाखवते, कार्बन डायऑक्साइड नाही. माझा जीव कासावीस झालेला असताना त्याच्यावर ९९ हा आकडा ठाम उभा असे, आणि तोच आकडा मला धीर देण्यासाठी, आणि पुढे पुढे गप्प करण्यासाठी, माझ्यासमोर धरला जाई.

या सेवेतील पहिली भेट जवळजवळ सव्वा तासाची होती आणि त्यातला पाऊण तास केवळ प्रश्नांचा होता. डॉक्टरांनी सर्वांत आधी मला नव्हे, तर माझ्या नवऱ्याला विचारले, "ह्या झोपेत असताना तुम्ही कधी यांचा श्वास पाहिला आहे का?" तो गोंधळला आणि मग म्हणाला, "झोपल्यावर एकदम शांत असतो. मला तर कधी कधी हात लावून बघावे लागते." डॉक्टरांनी ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. या प्रश्नामागचे कारण मला नंतर कळले. मेंदूच्या देठातील श्वसनकेंद्राजवळ गाठ किंवा अन्य विकार असेल तर श्वास झोपेतही तसाच वेगाने आणि खोल चालू राहतो. १९५९ मध्ये प्लम आणि स्वॉनसन यांनी वर्णन केलेली ही अवस्था अतिशय दुर्मीळ आहे, पण ती ओळखण्याची पहिली खूण बिछान्याशेजारी बसूनही दिसते. याच्या उलट, झोपेत श्वास शांत असेल तर दोष मनाचाच, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही, हेही डॉक्टरांनी आवर्जून सांगितले. रेट सिंड्रोम असलेल्या मुली जागेपणी आलटून पालटून धापा टाकतात आणि श्वास रोखून धरतात, तर झोपेत त्यांचा श्वास बराचसा नियमित होतो. पिट-हॉपकिन्स सिंड्रोममधील श्वासाचे झटकेही बहुतेक जागेपणीच येतात. हे दोन्ही जनुकीय विकार आहेत आणि त्यांचा चिंतेशी संबंध नाही. काही मनोविकारांवरील औषधे दीर्घकाळ घेतल्यावर छाती आणि पोटाच्या स्नायूंची अनैच्छिक हालचाल सुरू होते. तीही झोपेत थांबते आणि वरवर पाहता घाबरून धाप लागल्यासारखीच दिसते.

त्यानंतर औषधांची यादी तपासण्यात आली, आणि ती किती बारकाईने तपासावी याचा हा नमुना होता. अॅस्पिरिनची मात्रा जास्त झाली तर ते श्वसनकेंद्राला थेट डिवचते. हृदयाच्या रुग्णांना दिले जाणारे टिकाग्रेलॉर काहींना धाप लावते. मधुमेहावरील एसजीएलटी-२ गटातील औषधांमुळे क्वचित रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस होतो, म्हणजे रक्त आम्लधर्मी होते, आणि मग रुग्ण खोल, संथ न होणारा श्वास घेत राहतो. गरोदरपण आहे का, यकृताचा त्रास आहे का, हेही विचारले गेले, कारण गरोदरपणात वाढणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आणि यकृत बिघडल्यावर रक्तात साचलेला अमोनिया हे दोन्ही श्वास वाढवतात. मी यांपैकी काहीच घेत नव्हते आणि मला यांपैकी काहीच नव्हते, पण आधीच्या तिन्ही ठिकाणी हे प्रश्न विचारलेच गेले नव्हते, ही गोष्ट मला खटकल्यावाचून राहिली नाही.

येथे एका जुन्या अनुभवाचा उल्लेख करते. आधीच्या एका ठिकाणी मला खुर्चीत बसवून तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायला लावले होते आणि 'असेच होते ना तुम्हाला?' असे विचारले होते. मुंग्या आल्या, गरगरले, मी 'हो' म्हटले आणि निदान झाले. १९९६ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच चाचणी रुग्णांवर दोन प्रकारे करण्यात आली होती. एकदा कार्बन डायऑक्साइड खाली जाऊ दिला गेला आणि एकदा तो वायू श्वासातून परत पुरवून पातळी कायम राखली गेली, आणि कोणत्या वेळी काय केले हे रुग्णांना सांगितले नव्हते. पहिल्या वेळी 'हीच माझी लक्षणे' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण दुसऱ्या वेळीही तेच म्हणाले. त्यामुळे या चाचणीवर निदान उभे करता येत नाही, आणि या सेवेत ती केली जात नाही, हे मी तिच्या बाजूने नोंदवते. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा घरगुती उपायही त्यांनी स्पष्ट शब्दांत बंद करायला सांगितला. धापेचे कारण फुप्फुसातील रक्ताची गुठळी किंवा हृदयविकार असेल तर त्या पिशवीत ऑक्सिजन कमी कमी होत जातो आणि ते जिवावर बेतू शकते.

नाइमेखेन प्रश्नावली मात्र येथेही भरून घेतली गेली. तिच्यात १६ लक्षणे असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण द्यायचे असतात आणि बेरीज २३ च्या वर गेली की हायपरव्हेंटिलेशनचा संशय घेतला जातो. माझी बेरीज ३४ झाली. दम्याचा रुग्णही ही प्रश्नावली भरताना सहज एवढे गुण मिळवू शकेल असे मला वाटले आणि मी ते बोलूनही दाखवले. तंत्रज्ञ बाई हसून म्हणाल्या, "म्हणूनच आम्ही इथे थांबत नाही." उत्तर चांगले होते, पण मग तिचा निकाल अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापण्याचे कारण मला अजून समजलेले नाही.

माझ्या मते या सेवेचे खरे मोल पुढच्या चाळीस मिनिटांत होते. नाकाशी एक बारीक नळी लावून प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजण्यात आला. कॅप्नोग्राफी म्हणतात ती हीच. मला आधी पंधरा मिनिटे आडवे ठेवले. पडद्यावर ३८ (मिलिमीटर पारा) हा आकडा होता आणि नाडी ७० होती. बसवल्यावर आकडा ३५ झाला. मग उभे केले, भिंतीला टेकायचे नाही, पाय हलवायचे नाहीत आणि बोलायचे नाही, एवढीच सूचना दिली. पहिल्या मिनिटाला ३३, चौथ्या मिनिटाला २८ आणि आठव्या मिनिटाला २५. नाडी १०८ पर्यंत चढली होती, रक्तदाब जवळपास होता तिथेच होता आणि माझ्या बोटांना त्या ओळखीच्या मुंग्या आल्या होत्या. सर्वांत लक्षणीय बाब अशी की श्वासांची संख्या मिनिटाला १४ वरून फक्त १६ झाली होती. वाढली होती ती प्रत्येक श्वासाची खोली. दोन वर्षे जो तो घड्याळ लावून माझे श्वास मोजत होता आणि 'श्वासाचा वेग तर ठीक आहे' असे लिहीत होता, त्याचे कोडे त्या पडद्यावर उलगडले.

तोंडाने श्वास घेतल्यास किंवा नळी सरकल्यास आकडा खोटाच कमी दिसू शकतो, म्हणून तंत्रज्ञ बाईंनी नळी बदलून, ओठ मिटून घ्यायला सांगून सगळा प्रकार पुन्हा केला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा केला, पण त्या वेळी पायांना आणि पोटाला घट्ट पट्टे बांधून. तेव्हा आठव्या मिनिटाला आकडा ३१ वर थांबला आणि नाडी ९२ च्या पुढे गेली नाही. मन घाबरट असेल तर ते पट्टे बांधल्याने धीट होणार नाही, हे समजायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. उभे राहताच रक्त शरीराच्या खालच्या भागात साचत होते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होत होते, त्याची भरपाई म्हणून नाडी धावत होती आणि तिच्या जोडीने श्वासही खोल होत होता. उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा त्याहून अधिक वाढणे, रक्तदाब विशेष न घसरणे आणि हा त्रास किमान तीन महिने असणे, या निकषांवर ओळखल्या जाणाऱ्या पॉट्स या विकारात श्वासाचा हा प्रकार काही रुग्णांमध्ये आढळतो.

तरीही डॉक्टर तेथे थांबले नाहीत, आणि हे त्यांचे धोरण मला पटले. मनगटाच्या धमनीतून रक्त घेण्यात आले. ही सुई नेहमीच्या सुईपेक्षा बरीच दुखते आणि दुखल्यामुळे रुग्ण त्याच क्षणी धापा टाकू लागतो, म्हणून एकट्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. माझा तो आकडा ३१ आला, पीएच ७.४९ आला, म्हणजे रक्त किंचित अल्कधर्मी होते, पण रक्तातील आम्लता सावरणारे बायकार्बोनेट २३ म्हणजे जवळपास सामान्य होते. पातळी कित्येक दिवस सतत खाली असती तर मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट टाकून देऊन हिशेब जुळवून घेतला असता आणि तो आकडा बराच उतरला असता. म्हणजे बायकार्बोनेट हा त्रासाच्या मुदतीचा साक्षीदार आहे. याच अहवालावरून आणखी एक शक्यता निकालात निघते. १८७४ मध्ये आडोल्फ कुसमाऊल यांनी मधुमेही रुग्णांमध्ये वर्णन केलेला खोल श्वास पाहणाऱ्याला अगदी हायपरव्हेंटिलेशनसारखा वाटतो, मात्र तेथे रक्त आम्लधर्मी झालेले असते आणि श्वास ते आम्ल बाहेर काढण्याची धडपड करत असतो. तशा रुग्णाला 'शांत व्हा, हळू श्वास घ्या' असे सांगणे म्हणजे त्याचा शेवटचा आधार काढून घेणे होय.

सायकलवरील श्रमचाचणीची मला सर्वाधिक धास्ती होती. तोंडनाक झाकणारा मास्क घट्ट बसवतात, छातीवर तारा लावतात आणि दर मिनिटाला पेडल जड करत नेतात. मला दिलेला मास्क मोठा होता, हनुवटीपाशी हवा गळत होती, आणि हे मी दोनदा सांगूनही चाचणी सुरू करण्यात आली. पाचव्या मिनिटाला पडद्यावरचे आकडे विचित्र दिसू लागल्यावर ती थांबवून अर्ध्या तासाने लहान मास्क लावून पुन्हा घेतली. एवढ्या काळजीपूर्वक चालणाऱ्या सेवेत हा गलथानपणा शोभत नाही. दुसऱ्या खेपेला मात्र जे दिसले ते पाहण्यासारखे होते. सायकलवर स्थिर बसले असताना कार्बन डायऑक्साइडचा आकडा ३० होता, आणि पेडल मारायला लागल्यावर तो हळूहळू चढत ३७ झाला. पायांचे स्नायू पंपासारखे काम करून रक्त वर ढकलत होते आणि माझा श्वास दोन वर्षांत पहिल्यांदाच श्रम करताना मोकळा वाटत होता. थांबून सायकलशेजारी उभी राहिले आणि तीन मिनिटांत आकडा पुन्हा २८ वर आला. फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा आजार असता, उदाहरणार्थ जुन्या गुठळ्यांमुळे वाढलेला दाब, तर चित्र नेमके उलटे दिसले असते. श्रमाबरोबर तो आकडा आणखी घसरत जातो, कारण फुप्फुसाच्या काही भागांत हवा पोहोचते पण रक्त पोहोचत नाही आणि तेवढा श्वास वाया जातो. विश्रांतीच्या वेळी केलेला इको अशा आजारात सुरुवातीला निर्दोष दिसू शकतो, म्हणून 'इको नॉर्मल आहे' या वाक्यावर विषय संपवणाऱ्यांनी ही चाचणी एकदा तरी पाहावी असे मला वाटते.

उरलेल्या तपासण्यांविषयी थोडक्यात. श्वास आत घेताना स्वरतंतू उघडण्याऐवजी मिटत असतील तर घशातून आवाज येतो आणि दम्याची किंवा घाबरण्याची शंका घेतली जाते. ते पाहण्यासाठी श्रम करत असताना नाकातून दुर्बीण घालावी लागते. माझ्या श्वासाच्या आलेखात तशी खूण नसल्याने ती टळली. रात्री कार्बन डायऑक्साइड नोंदवण्यासाठी त्वचेवर चिकटवायचा गरम संवेदक घरी दिला गेला. सकाळी त्या जागी गोल लाल डाग उठला होता, पण झोपेत आकडा ४१ ते ४४ दरम्यान राहिल्याचे दिसले, म्हणजे नवऱ्याचे निरीक्षण यंत्राने मान्य केले. प्रतीक्षेच्या खोलीत डॉक्टरांशी बोलताना आणखी एक गमतीची माहिती मिळाली. सूक्ष्मदर्शकामुळे प्रसिद्ध झालेल्या लेवेनहूक यांना आयुष्याच्या अखेरीस श्वासपटल (छाती आणि पोट यांमधील श्वसनाचा स्नायू) आपोआप फडफडण्याचा दुर्मीळ विकार जडला होता. त्यांच्या डॉक्टरांनी त्याला हृदयाची धडधड ठरवले, पण लेवेनहूक यांना ते पटले नाही आणि त्यांनी स्वतःच निरीक्षण करून त्याचे वर्णन लिहून ठेवले. आजही त्या विकाराला त्यांचे नाव आहे. रुग्णाला आपल्या शरीराविषयी काही कळत असते, याचा एवढा जुना दाखला मिळाल्याने मला बरे वाटले, हे कबूल करते.

आता तक्रारी. पहिल्या भेटीसाठी पाच महिने थांबावे लागले आणि त्या काळात वाट पाहणाऱ्या रुग्णाने काय करावे, कोणत्या लक्षणांना घाबरावे, याचा एक ओळीचाही कागद दिला गेला नाही. तो द्यायला हवा, कारण अचानक सुरू झालेली धाप, छातीत दुखणे, एका पायाला सूज येणे, शुद्ध हरपणे किंवा मधुमेह्याला खोल श्वासासोबत उलट्या होणे यांसाठी अशा सेवेची वाट पाहायची नसते, तातडीचा विभागच गाठायचा असतो. दुसरे असे की अकरा पानांच्या अहवालात रुग्णाला कळेल असे एकही पान नाही. उभे राहिल्यावरचा जो आलेख निदानाचा कणा आहे, तो नवव्या पानावर छोट्या चौकटीत आहे. तिसरे म्हणजे निदानानंतरची व्यवस्था तोकडी आहे. भरपूर पाणी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवलेले मीठ, दाबाचे मोजे आणि सुरुवातीला आडव्या स्थितीत करायचे व्यायाम ही उपाययोजना योग्य वाटते, पण श्वास शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टची भेट एकदाच ठेवलेली आहे आणि एका भेटीत दोन वर्षांची सवय मोडत नाही. खोल उसाशांची सवय मूळ कारणाइतकीच चिवट असते, हे त्या फिजिओथेरपिस्ट बाई स्वतःच मला सांगत होत्या.

ही सेवा कोणी घ्यावी, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. साध्या तपासण्या निर्दोष येऊनही त्रास टिकून असेल, तो विशिष्ट स्थितीत किंवा विशिष्ट श्रमानंतरच होत असेल आणि 'हायपरव्हेंटिलेशन' हा शब्द कारणाशिवाय चिकटवला गेला असेल, तर प्रतीक्षा सोसूनही येथे जावे. चिंता हेच मूळ आहे असे येथे सिद्ध झाले तरी ते अनुमानाने न होता मोजून झालेले असेल, आणि तशा निदानाचाही मी मान राखला असता. जाताना जुने अहवाल, औषधांची संपूर्ण यादी आणि आपल्याला झोपेत पाहणारी व्यक्ती सोबत न्यावी. त्रास आडवे, बसून की उभे असताना होतो, याची दोन आठवड्यांची नोंद केली तर पहिल्या भेटीतला बराच वेळ वाचतो.

चार महिन्यांनंतरच्या फेरतपासणीत उभे राहून आठव्या मिनिटाला माझा आकडा ३२ आला आणि नाडी ९६ होती. उसासे अजून येतात, विशेषतः दुपारनंतर. पुढची श्रमचाचणी दोन महिन्यांनी आहे, आणि त्या वेळी सायकलवर बसण्याआधीच लहान मापाचा मास्क मागून घेणार आहे.